तिवडा नसलेलं खळं

देवळाली, ता. २ डिसेंबर १९३४

मामा,

जावयाचा नमस्कार. हे पत्र सलोख्याचं नाही, हे आधीच लिहून टाकतो. सलोखा करायचा तर चूक कबूल करावी लागते, आणि माझी चूक झालेली नाही. गेल्या माघात तुमच्याकडे अर्धा शाळू उभा होता आणि अर्धा खळ्यावर आला होता. मी माळ्यावर पाखरं हाकत बसलो होतो. तिथून खाली तुमचं खळं दिसलं ते अंड्यासारखं लांबट दिसलं आणि दिसलं तसं मी बोललो. आता खाली तुमचे चार सोयरे बसलेले होते, त्यात दोघे तुमच्याकडून खळं आखून घ्यायला आलेले होते, हे मला माळ्यावरून कसं कळणार?

त्यानंतर आषाढात तुम्ही सिंधूला बाळंतपणाला नांदगावला नेलंत. श्रावणात मुलगा झाला. बारशाला मला बोलावणं नव्हतं. नाव गोटीराम ठेवल्याचं मला बाजारात एका बैलवाल्याकडून कळलं. नावाबद्दल मी काही बोलत नाही. आता चार महिने होत आले, आणि तुमचा निरोप काय, तर ज्या जावयाला माझं खळं अंडं दिसतं त्याने आधी स्वतः गोल काढून दाखवावा, मग लेक न्यावी. सिंधू काही म्हणत नाही असंही कळलं. ती तुमचीच लेक आहे, तिला मजा वाटत असणार.

तर पत्राला कारण असं की गोल काढायचं काम मला सरकारनेच दिलं आहे. छावणीपलीकडच्या माळावर लष्कराची विमानं उतरायला मैदान केलं आहे आणि मी तिथला मुकादम आहे. हाताखाली बारा माणसं, एक दगडी रूळ आणि तो ओढायला चार बैल. मुरूम पसरून दाबायचा, घुशींनी बिळं केली की बुजवायची, खडा दिसला की उचलायचा, आणि मधोमध दीडशे फुटांचं पांढरं कडं चुन्याने आखायचं. ते कडं वरून पाहून विमानवाला उतरतो. चार कोपऱ्यांना चार चुन्याच्या खुणा आहेतच, पण मान मधल्या कड्याचा.

ओव्हरसियर साहेबांनी मला विचारलं, वर्तुळ काढता येतं का? मी म्हणालो, माझे सासरे नांदगाव तालुक्यात खळी आखतात, घरातच आहे. हे मी नोकरीसाठी बोललो, याचा दुसरा अर्थ लावू नये.

इथल्या एका ओळखीच्या माणसाला एक शंका आहे. मुरुमावर नुसता चुना मारला तर विमानाच्या पंख्याच्या वाऱ्याने उडून जातो. खळ्यासारखं सारवून वर चुना मारला तर टिकेल का? आणि सारवणात शेणाबरोबर काय घालावं? त्या माणसाला कळवायचं आहे, म्हणून विचारतो.

तुमचा
वाल्मीक मुकादम

*

देवळाली, ता. १९ डिसेंबर १९३४

मामा,

तुमचं कार्ड मिळालं. "राख घाल. घाई करू नको. पोर बरं हाय." अख्ख्या कार्डात तीन वाक्यं, बाकी कार्ड कोरं. कोऱ्या जागेत पोराला दात आला की नाही एवढं तरी मावलं असतं. पण राखेचा उपयोग झाला, हे त्या ओळखीच्या माणसातर्फे कळवतो.

काम असं झालं की बघत राहावं. मध्ये खुंटी ठोकली, नवी अंबाडीची दोरी लावली आणि मी स्वतः कडं फिरवलं. आतली सगळी जागा चोपून घेतली आणि सारवली. त्याला तीन गावांचं शेण लागलं. पहिल्या दिवशी ओव्हरसियर साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. दुसऱ्या दिवशी वारा सुटला, सगळ्या माळाची धूळ उडाली आणि आमच्या कड्यातून एक कण हलला नाही. तेव्हा त्यांनी रुमाल काढला. नंतर लंकाबाईने कड्याला चुना मारला. लंकाबाई चुन्याच्या कामावरची बाई आहे, हात असा की थेंब इकडचा तिकडे पडत नाही, आणि तोंड असं की ऐकणाऱ्याचं काही खरं नाही.

सगळं झाल्यावर रीतीप्रमाणे मध्ये तिवडा रोवला. तिवड्याशिवाय खळं मी जन्मात पाहिलं नाही, आणि अर्धवट काम माझ्या हातून होत नाही. बाभळीचा सरळ खांब आणला, दोन पुरुष उंच. रूळ हाकणाऱ्या फकिराने खड्डा खणला, लंकाबाईने टोकाला आंब्याचा डहाळा बांधला आणि मी नारळ फोडला. बारा माणसं होती, एकालाही काही वावगं वाटलं नाही. उलट फकिरा म्हणाला की आता कसं भरल्यासारखं दिसतं.

संध्याकाळी ओव्हरसियर साहेब आले. खांबाकडे पाहून बराच वेळ इंग्रजीत बोलले. आमचे कारकून जमीलभाई सगळं मराठीत सांगतात, पण त्या वेळी ते जमिनीकडे पाहत होते. मला वाटतं खांब पसंत पडला. उद्या सकाळी पहिलं विमान येणार आहे.

सिंधूला सांगा, मी बरा आहे. नको, सांगू नका. तिने विचारलं तर सांगा.

वाल्मीक

*

देवळाली, ता. ४ जानेवारी १९३५

मामा,

विमान आलं आणि सुखरूप उतरलं. तिवडा आता काढला आहे. विमानाला जास्त सोयीचं व्हावं म्हणून काढला.

तुम्ही फार विचार करणारे आहात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. विमान कड्यावर येतं म्हणजे नेमकं कड्याच्या मधोमध टेकायला बघतं, ही गोष्ट मला आधी कुणी समजावून दिलेली नव्हती. बैल तिवड्याभोवती फिरतात, तसं विमान वरून फेरी मारून आजूबाजूला कुठेतरी बसेल असा माझा समज होता. ते सरळ खांबावर आलं. अगदी शेवटी विमानवाल्या साहेबाने एक पंख उचलला आणि बाजूने गेला. नंतर पाहिलं तर पंखाच्या तारांत आंब्याची दोन पानं होती. ती लंकाबाईने काढून जपून ठेवली आहेत.

विमानवाला साहेब तरुण आहे, तांबडा, हसतमुख. त्या वेळी हसत नव्हता. खांबाबद्दल जे बोलायचं ते बोलून झाल्यावर त्याने जमीलभाईंचा कागद घेतला आणि पेन्सिलीने त्यावर एक आकृती काढली. म्हणाला, माळाच्या कडेवरून येताना मला तुमचं वर्तुळ असं दिसलं.

ती आकृती थोडी लांबट होती.

मामा, मी खोटं लिहिणार नाही. ते अंडं होतं. जमीलभाई म्हणालेही, "मुकादम, साहब अंडा बोलता है." लंकाबाई खो खो हसली. फकिराला सोयरिकीतलं सगळं माहीत आहे, कारण मीच त्याला सांगितलं होतं, त्यामुळे तो हसला नाही, पण तोंड फिरवून बैलाशी बोलायला लागला.

तेव्हापासून मी रोज दोरी लावून बघतो. पूर्वेला तेवढीच, पश्चिमेला तेवढीच. उत्तरेला वीतभर कमी वाटली, पण दुसऱ्या खेपेला ती दक्षिणेला कमी भरली, म्हणजे दोरीतच दोष असावा. दोरी सांगते गोल आहे, साहेब सांगतात अंडं आहे. दोरी जमिनीवर आणि साहेब आभाळात, वरच्याचं खरं धरतात.

सव्वीस तारखेला मोठे साहेब पाहणीला येणार आहेत. तोवर गोल नीट झाला नाही तर दुसरा मुकादम ठेवतील, असं ओव्हरसियर साहेबांनी स्पष्ट सांगितलं आहे. नोकरी गेली तर दुसरी बघेन, मला हात आहेत. पण तुमच्या निरोपाचं काय? आता सरकारी शिक्क्यानिशी ठरलं की तुमच्या जावयाला गोल काढता येत नाही.

वाल्मीक

*

देवळाली, ता. ११ जानेवारी १९३५

मामा,

तुमचं कार्ड आलं. "तिवडा रोवला हे खरं का?" एवढंच. हो, खरं.

आता सरळ लिहितो. मला जमत नाही. दोरी बदलली, खुंटी बदलली, दोनदा चुना खरवडला. प्रत्येक वेळी खाली उभं राहून पाहिलं की बरोबर वाटतं, आणि झोपायला गेलो की अंडं डोळ्यांपुढे येतं. माझा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा उडाला आहे. कदाचित माघातसुद्धा मीच चुकीचं पाहिलं असेल.

तुम्ही या. मी चार माणसांत तुमचा अपमान केला, तो करायला नको होता. तुमचं खळं अंडं असतं तरी बोलायला नको होतं. मला मुलगा बघायचा आहे, मामा. तो पालथा पडायला लागला असेल. लोक म्हणतात पाचव्या महिन्यात पोरं माणूस ओळखायला लागतात, आणि तो ज्यांना ओळखायला लागेल त्यांत मी नाही.

वाल्मीक

*

देवळाली, ता. २८ जानेवारी १९३५

मामा,

तुम्ही आलात, तीन दिवस राहिलात आणि गेलात. या तीन दिवसांत तुम्ही माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. म्हणून माझ्या बाजूने काय काय झालं ते लिहितो, म्हणजे निदान कागदावर तरी आपलं बोलणं होईल.

तेवीस तारखेला सकाळी तुम्ही खांद्यावर फावडं टाकून स्टेशनापासून चालत आलात. मी पाया पडलो, तर तुम्ही माझ्या डोक्यावरून फकिराकडे पाहून म्हणालात, "तुमच्या मुकादमाला सांग, पहिलं सगळं खरवडायचं." मी तिथेच हातभर अंतरावर उभा होतो. फकिराने मान वळवून मला सांगितलं की सगळं खरवडायचं. मी फकिराला म्हणालो, मामांना विचार भाकरी खाल्ली का. फकिराने विचारलं. तुम्ही म्हणालात, खाल्ली. फकिराने मला सांगितलं, खाल्ली. दुपारपर्यंत फकिराचा घसा बसला.

तुमची आखणी मात्र सगळ्यांनी पाहिली. दोरी नाही, खुंटी नाही. फकिराला मधोमध उभं केलंत, हातात एक काडी सरळ धरलीत आणि काडीवर फकिराचा डोक्यापासून पायापर्यंतचं माप अंगठ्याने धरलंत. तेवढाच फकिरा दिसत राहील अशा बेताने पाय ओढत फेरी मारलीत. फकिरा मोठा दिसला की मागे, लहान दिसला की पुढे. मागून लंकाबाई तुमच्या पावलांवर चुन्याची रेघ धरत येत होती. फेरी पुरी झाली तेव्हा शेवटचं पाऊल पहिल्या पावलात पडलं. माणसं काम सोडून बघत होती, आणि मीही बघत होतो.

एक गोष्ट तुम्ही गेल्यावर लंकाबाईने सांगितली. तुमची रेघ माझ्या जुन्या रेघेवरच पडली. खरवडलेल्या चुन्याचा डाग जमिनीत राहतो, त्यावरून तिला कळलं. कुठे चार बोटं आत, कुठे चार बोटं बाहेर, एवढाच फरक. तिने तेव्हाच का सांगितलं नाही विचारलं तर म्हणाली, "दोन गडी एकमेकांशी बोलत नव्हते, मधी फकिरा होता. मला काय पडलीय?"

मग सव्वीस तारीख. मोठे साहेब मोजणीची साखळी घेऊन आले. विमानवाला साहेब त्याच कडेवरून आला, उतरला, टोपी काढली आणि हसत म्हणाला, अजून अंडंच आहे.

त्या वेळी तुमचं तोंड मी पाहिलं. माघात पाहिलं होतं तेच. पण या वेळी अंडं म्हणणारा गोरा साहेब होता, आणि मला वाटलं आता तुम्ही गप्प राहाल. तुम्ही पुढे झालात आणि जमीलभाईंना म्हणालात, "इचार त्याला, जन्मात खळं केलंय का? वर बसून नावं ठेवाया काय लागतंय?"

जमीलभाईंनी त्याचं इंग्रजी काय केलं ते खुदा जाणे. साहेब खूप हसला. मग त्याने विमानातल्या बसायच्या पुढच्या खाचेकडे बोट दाखवलं आणि तुम्हाला म्हणाला, चला, तुम्हीच बघा. मला वाटलं तुम्ही मागे सराल. तुम्ही जोडे काढलेत, फावडं फकिराकडे दिलंत, आणि देवळात शिरावं तसे अनवाणी विमानात चढलात. पटका उडू नये म्हणून साहेबाने वरून पट्टा आवळला. आमची बारा माणसं हात जोडून उभी होती. मी जोडले नव्हते, कारण माझ्या हातात तुमचे जोडे होते.

विमानाने तीन फेऱ्या मारल्या. एकदा कडेने खालून, एकदा कललेलं, आणि शेवटी अगदी माथ्यावरून, उंच. खाली तोवर मोठ्या साहेबांनी साखळीने चारी अंगांनी मोजलं, आठही अंगांनी मोजलं, आणि वर्तुळ बरोबर आहे असं लिहून दिलं. माझी नोकरी राहिली. हे मी तुम्हाला सांगायला विमानाकडे धावत आलो. तुम्ही उतरलात, पाणी मागितलंत, तांब्याभर प्यालात, जोडे घातलेत आणि फावडं घेऊन स्टेशनाच्या वाटेला लागलात. फकिरालासुद्धा काही सांगितलं नाही.

मामा, वर तुम्हाला काय दिसलं? अंडं दिसलं असेल तर तसं लिहा. मी सोयऱ्यांपुढे नाक घासायला येतो. पण काहीतरी लिहा.

वाल्मीक

*

मुक्काम नांदगाव, ता. १० फेब्रुवारी १९३५

चिरंजीव वाल्मीकराव यांस,

कार्डावर मावत नाही म्हणून पाकीट घेतलं. कार्डं शाळेचे मास्तर लिहून देतात, पण हे त्यांना सांगायची लाज वाटली, म्हणून हातानेच लिहितो. अक्षर लावून घ्या.

वर काय दिसलं ते सांगतो. निघालो तेव्हा कडेने खाली पाहिलं, तर चुन्याचं कडं लांबट. अगदी अंडं.  म्हटलं तीस वर्षं लोकांना अंडी आखून दिली. मग विमान कललं, तर अंडं उभं झालं. मग साहेबाने उंच नेलं आणि बरोबर डोक्यावर आणलं. तिथून खाली पाहिलं, तर गोल. चंद्रासारखा गोल, जावईबापू. तेव्हा कळलं की गोल बाजूने पाहिला की तो लांबटच दिसणार. ताटसुद्धा तसंच दिसतं, रोज जेवतो पण ध्यानात आलं नाही. साहेब रोज वर जातो, त्याच्याही ध्यानात आलेलं नाही. तुम्ही माळ्यावरून पाहिलंत ते खोटं नव्हतं. माझं खळंही खोटं नव्हतं. आणि तुमचं पहिलं कडंही गोलच होतं. तुमच्या रेघेवर माझी रेघ पडते आहे हे मला पायालाच कळत होतं, चुन्याची भुकटी लागत होती. तरी मी बोललो नाही.

तिवड्याचं मात्र मी सगळ्या गावाला सांगितलं आहे. त्याला इलाज नाही.

आता खरं सांगतो. खाली उतरलो तेव्हाच हे सगळं बोलायला हवं होतं. बोललो असतो तर तुम्ही त्याच गाडीने माझ्याबरोबर आला असता आणि दुसऱ्या दिवशी लेक-नातू घेऊन गेला असता. म्हणून पाणी प्यालो आणि निघालो. घरी आल्यावर सिंधूने विचारलं, तिला म्हणालो धूर होता, नीट दिसलं नाही. पंधरा दिवस तेच सांगितलं. काल तिने तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. वाचता वाचता मुलगा बघायचा आहे असं जे तुम्ही आधी लिहिलं होतं तेही तिला पाठ होतं, ते म्हणाली, आणि चुलीपुढे जाऊन बसली. 

खळ्याचा राग मला आठ दिवस होता. पुढचं सगळं निमित्त. सिंधूची आई गेल्यापासून या घरात सकाळी कोणी आवाज करत नव्हतं. पोर आलं आणि घर जागं व्हायला लागलं. ते जाऊ नये म्हणून मी तुम्हाला गोल काढायला लावला. म्हटलं जन्मात निघणार नाही. सरकार तुम्हाला दीडशे फुटांचा काढायला लावेल हे कुणाला ठाऊक?

गुरुवारच्या सकाळच्या गाडीत दोघांना बसवतो. बरोबर शेजारच्या झिपरूची बायको येईल, ती नाशिकला उतरणार. तुम्ही स्टेशनावर या. नांदगावला घ्यायला येऊ नका. तुमच्या हातात द्यायचं झालं तर माझ्याच्याने होणार नाही, गाडीत बसवणं जमेल.

पोराचं थोडं सांगून ठेवतो, सिंधूला यातलं सगळं माहीत नाही. ताप नाही, दोन दात आहेत. दुपारी तो रडून झोपत नाही. देवळालीहून आल्यापासून मी त्याला दोन्ही हातांवर पालथा धरतो आणि तोंडाने विमानाचा आवाज काढत अंगणातून फिरवतो. त्याला दुसरं काही चालत नाही. आवाज निघताना मोठा काढायचा. वर गेल्यावर एकसारखा ठेवायचा, मध्येच थांबलात तर डोळे उघडतो. तिसऱ्या फेरीला मान टाकतो. मग आवाज हळूहळू बारीक करत उतरायचं, पण लगेच खाली ठेवायचं नाही. हातावर तसाच धरून थोडा वेळ उभं राहायचं. मी फार वेळ उभा राहतो, तेवढी गरज नाही.

तुमचा
खंडेराव